अन्नसाहाय्याचा बोजा कोणाच्या अंदाजपत्रकावर? : अमेरिकेतील अन्नतिकीट योजनेचा अभ्यास

दिवाळीची गडबड नुकतीच ओसरली होती. नोव्हेंबर २०२५ चा तो पहिला आठवडा. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मुलाबाळांचे जे फोन त्या दिवसांत येत होते, त्यांत एक गोष्ट पुष्कळांच्या कानी आली. तेथील दानसंस्थांच्या दारांत धान्य नेण्यासाठी रांगा लागल्या होत्या. ऐकणाऱ्यास प्रथम ते खरे वाटेना. ज्या देशाचा गहू व मिलो आपल्या रेशनच्या दुकानांत एके काळी आला, आणि ज्यांनी तो खाल्ला ती वडील मंडळी अजून आपल्यांत आहेत, त्या देशात रांगा कशाच्या?

झाले होते ते असे. अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, खर्चास मंजुरी न दिल्यामुळे १ ऑक्टोबर २०२५ पासून मध्यवर्ती सरकारचा पुष्कळसा कारभार थांबला, तो १२ नोव्हेंबरपर्यंत ४३ दिवस थांबूनच राहिला. त्या अवधीत गरिबांना दरमहा मिळणारे अन्नसाहाय्य नोव्हेंबर महिन्यात वेळेवर सुटले नाही. प्रकरण न्यायालयांत गेले. व्हर्माँट, व्हर्जिनिया, न्यू मेक्सिको अशा काही राज्यांनी आपल्या तिजोरीतून तात्पुरता पैसा काढून लोकांची सोय पाहिली. पुढे पेच सुटला व साहाय्य पुन्हा सुरू झाले.

ही अडचण काही आठवड्यांची होती. आम्ही येथे जो विषय अभ्यासास घेतला आहे तो तिच्याहून मोठा व कायमचा आहे. आणीबाणीत राज्यांनी जे आपखुशीने केले, तेच आता कायद्याने त्यांच्या माथी येणार आहे. ४ जुलै २०२५ रोजी संमत झालेल्या एका विस्तृत कायद्याने ह्या अन्नसाहाय्याच्या खर्चाचा काही भाग मध्यवर्ती सरकारने आपल्या अंगावरून काढून घटक राज्यांच्या अंदाजपत्रकांवर टाकला आहे. वरवर पाहता ही दोन सरकारांमधली हिशेबाची देवघेव दिसते. परंतु हिशेबाचा हा कागद शेवटी कोणाच्या ताटापर्यंत जाऊन पोहोचतो, हे पाहणे आपल्यासारख्या धर्मादाय कार्यात पडलेल्या मंडळींस अगत्याचे आहे.

प्रथम योजनेचा पूर्वेतिहास थोडक्यात पाहू. १९३० च्या दशकातील महामंदीत अमेरिकेत एक विचित्र देखावा दिसत होता. शेतकऱ्यांच्या घरी माल पडून, आणि शहरांत माणसे उपाशी. ह्या दोन टोकांची गाठ घालण्यासाठी १६ मे १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरी पहिली अन्नतिकिटे देण्यात आली. गरजू कुटुंबाने एक डॉलर देऊन नारिंगी तिकिटे घ्यावयाची. त्यांवर कोणतीही खाद्यवस्तू मिळे. त्यासोबत पन्नास सेंटांची निळी तिकिटे फुकट मिळत, व त्यांवर सरकारने शिलकी म्हणून जाहीर केलेला मालच घेता येई. महायुद्धामुळे रोजगार वाढला, शिल्लक माल संपला, आणि १९४३ साली योजना बंद झाली. शिलकी धान्याचा प्रश्न मात्र युद्धानंतर पुन्हा उभा राहिला, व त्यातूनच १९५४ चा तो पब्लिक लॉ ४८० निघाला. आपल्याकडे पीएल-४८० ह्या नावाने जो ठाऊक आहे तोच हा कायदा.

१९६१ साली अध्यक्ष केनेडी ह्यांनी तिकिटांचा प्रयोग पुन्हा सुरू केला. वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसाखाणींच्या मुलखात पहिली तिकिटे वाटली गेली. ३१ ऑगस्ट १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन ह्यांच्या सहीने कायदा झाला, आणि त्या कायद्याने श्रमविभागणी ठरवून टाकली. तिकिटांची संपूर्ण किंमत मध्यवर्ती सरकारने द्यावयाची. अर्ज तपासणे, पात्रता ठरविणे, तिकिटे वाटणे हे राज्यांनी करावयाचे. कचेरीचा खर्च दोघांनी वाटून घ्यावयाचा. हा वाटा पुढे निम्मा-निम्मा असा स्थिर झाला. एकत्र कुटुंबात थोरल्याने दाणागोटा भरावा व धाकट्याने स्वयंपाकघर सांभाळावे, तशी ही व्यवस्था होती म्हणावयास हरकत नाही.

प्रारंभीची कित्येक वर्षे ही योजना लंगडीच होती. तिकिटे घ्यावयाची की जुन्या पद्धतीने शिलकी धान्य वाटावयाचे, की काहीच करावयाचे नाही, हे परगण्याच्या मर्जीवर सोडले होते. शिवाय तिकिटे विकत घ्यावयाची म्हणजे महिन्याच्या आरंभी रोख रक्कम हाती हवी. एप्रिल १९६७ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी व जोसेफ क्लार्क मिसिसिपीच्या खोऱ्यात गेले, तेव्हा ज्यांच्या घरी रोख म्हणून काहीच येत नाही अशी कुटुंबे त्यांनी पाहिली, पोटे फुगलेली मुले पाहिली. जेथे फुकट धान्य बंद होऊन तिकिटे आली होती तेथे लोक मदतीतून उलट गळाले होते. त्यानंतर एकामागून एक सुधारणा झाल्या. १९७१ च्या कायद्याने पात्रतेचे नियम देशभर एक झाले. १ जुलै १९७४ पर्यंत योजना सर्व देशात पोहोचली. १९७७ च्या कायद्याने रोख रक्कम भरण्याची अट काढून टाकली. ह्या शेवटच्या कामी डेमोक्रॅट पक्षाचे मॅकगव्हर्न व रिपब्लिकन पक्षाचे डोल एकत्र आले होते, ही गोष्ट आजच्या वातावरणात मुद्दाम सांगण्याजोगी आहे. कागदी तिकिटे जाऊन बँकेच्या कार्डासारखे कार्ड आले, आणि २००८ मध्ये योजनेचे नाव बदलून ‘स्नॅप’ झाले. आम्ही येथे सोयीसाठी जुने नावच वापरणार आहोत.

आज ह्या योजनेचा पसारा केवढा आहे? २०२४ च्या मध्यवर्ती अर्थवर्षात दरमहा सरासरी ४ कोटी १७ लक्ष माणसे तिचा लाभ घेत होती, म्हणजे दर आठ रहिवाशांत एक. मध्यवर्ती सरकारचा खर्च सुमारे १०० अब्ज डॉलर झाला, आणि माणशी महिना सरासरी १८७ डॉलर पडले. दिवसाचे सहा डॉलरांच्या जरा वर. तेथील बाजारभाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांना ह्यात चैन होत नाही हे सांगावयास नको.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. थोरल्याने दाणागोटा भरण्याचे इतके महत्त्व का? कारण अमेरिकेत नोटा छापण्याचा व तुटीचे अंदाजपत्रक करून कर्ज काढण्याचा अधिकार प्रत्यक्षात मध्यवर्ती सरकारालाच आहे. राज्यांना, एखादा अपवाद वगळता, आपले अंदाजपत्रक दरसाल जुळते ठेवावेच लागते. मंदी आली की राज्याचे करांचे उत्पन्न घटते आणि त्याच वेळी मदत मागणाऱ्यांची रांग वाढते. २००७ साली अन्नतिकिटे घेणारे सुमारे २ कोटी ६३ लक्ष होते. मंदीच्या तडाख्यानंतर २०१३ साली ते ४ कोटी ७६ लक्ष झाले. हा वाढलेला सर्व खर्च मध्यवर्ती तिजोरीने आपोआप उचलला. कोणत्याही राज्याच्या विधिमंडळास त्यासाठी शाळेचा वा रस्त्याचा पैसा कापावा लागला नाही. इतकेच नव्हे, हा पैसा लगेच वाण्याच्या दुकानात खर्च होत असल्याने मंदीत बाजारही थोडा सावरतो. अमेरिकन शेतीखात्याच्या अर्थशास्त्रज्ञांनी २०१९ साली असा हिशेब मांडला की, मंद अर्थव्यवस्थेत एक अब्ज डॉलरांची तिकिटे वाढविली तर राष्ट्रीय उत्पन्न सुमारे १.५४ अब्जांनी वाढते.

दुसरे महत्त्व समानतेचे. ज्या मदतीत राज्याचा वाटा असतो तिचे काय होते ह्याचे उदाहरण त्याच देशात आहे. लहान मुले असलेल्या निराधार कुटुंबांना रोख साहाय्य देण्याची एक जुनी योजना होती. तीत राज्ये आपला वाटा देत व रक्कमही आपणच ठरवीत. १९९० च्या दशकाच्या मध्यास तीन माणसांच्या कुटुंबाला मिसिसिपीत महिना फार तर १२० डॉलर मिळत, तर अलास्कात ९०० हून अधिक. अलास्कात महागाई अधिक हे खरे, पण साडेसातपट नव्हे. अन्नतिकिटांचे माप मात्र लगतच्या ४८ राज्यांत एकच राहिले. गरीब राज्यात जन्मलेल्या मुलाचे दैव निदान अन्नापुरते तरी त्या राज्याच्या दैवाशी बांधलेले नव्हते.

२०२५ च्या कायद्याने ह्या दोन्ही गोष्टींना हात घातला आहे. त्यात कामाच्या अटी वाढविणे वगैरे इतर तरतुदीही आहेत. ह्या योजनेवरील मध्यवर्ती खर्चात दहा वर्षांत सुमारे १८७ अब्ज डॉलरांची घट होईल असा काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा अदमास आहे. आम्ही येथे फक्त राज्यांवरील बोजापुरते पाहतो. तो दोन हप्त्यांत येतो. पहिला, कचेरीच्या खर्चाचा. १ ऑक्टोबर २०२६ ला सुरू होणाऱ्या अर्थवर्षापासून मध्यवर्ती सरकार निम्म्याऐवजी पावच हिस्सा देणार. राज्याने तीन चतुर्थांश सोसावयाचा. म्हणजे राज्याचा वाटा एकदम दीडपट. दुसरा हप्ता अधिक भारी आहे. १ ऑक्टोबर २०२७ ला सुरू होणाऱ्या वर्षापासून प्रत्यक्ष तिकिटांच्या रकमेचाच काही हिस्सा राज्याने द्यावयाचा, आणि तो किती हे त्या राज्याच्या ‘चुकीच्या प्रमाणा’वर ठरावयाचे.

हे चुकीचे प्रमाण काय प्रकरण आहे ते नीट समजून घेतल्याशिवाय पुढील विवेचन कळणार नाही. म्हणून वाचकांनी थोडे त्रैराशिक सहन करावे. तिकिटांची रक्कम काढण्याची रीत अशी की, कुटुंबाच्या आकारानुसार एक कमाल रक्कम धरावयाची व तीतून कुटुंबाच्या निव्वळ उत्पन्नाचे तीस टक्के वजा करावयाचे. २०२५ च्या अर्थवर्षात चार माणसांना कमाल रक्कम ९७५ डॉलर होती. समजा एका कुटुंबाचे निव्वळ उत्पन्न हजार डॉलर. त्याचे तीस टक्के तीनशे. तेव्हा मिळावयाचे ६७५. आता हे ‘निव्वळ’ उत्पन्न काढताना घरभाडे, मुलांना सांभाळण्याचा खर्च, वृद्धांचा औषधोपचार अशा अनेक वजावटी करावयाच्या असतात. तिकडचा मजूर दुकानात वा हॉटेलात तासांवर काम करतो, आणि ह्या आठवड्याचे तास पुढच्या आठवड्यात नसतात. कारकुनाने भाडे चुकीचे धरले व निव्वळ उत्पन्न बाराशे लिहिले, तर रक्कम निघते ६१५. साठ डॉलरांची चूक. त्या वर्षी ५७ डॉलरांपर्यंतची चूक सोडून देत. त्यावर एक डॉलर गेला की संपूर्ण साठ डॉलर चूक म्हणून मांडले जात.

दर महिन्यास प्रत्येक राज्य काही कुटुंबांचे कागद नमुन्यादाखल काढून पुन्हा तपासते, व त्यांतील काहींची मध्यवर्ती अधिकारी फेरतपासणी करतात. त्यांवरून वर्षाचे प्रमाण ठरते. येथे दोन गोष्टी ध्यानात धराव्या. एक, जास्त दिलेले व कमी दिलेले ह्यांची वजाबाकी होत नाही, बेरीज होते. २०२४ साली देशाचे प्रमाण १०.९३ टक्के होते, त्यात ९.२६ जास्त दिल्याचे व १.६७ कमी दिल्याचे. दुसरी, ही चूक म्हणजे चोरी नव्हे. आमच्या एका मित्राने वर्तमानपत्रातला हा आकडा पाहून “पहा, दर दहा डॉलरांतला एक लबाडीने जातो,” असे मत ठोकून दिले. वर ज्या कुटुंबाला साठ डॉलर कमी मिळाले ते ह्याच आकड्यात आहे. त्याने कोणाला लुबाडले?

आता नवे कोष्टक. प्रमाण ६ टक्क्यांच्या आत असेल तर राज्याला काही द्यावे लागणार नाही. ६ ते ८ च्या आत असेल तर तिकिटांच्या रकमेच्या ५ टक्के, ८ ते १० च्या आत १० टक्के, आणि १० वा अधिक असेल तर १५ टक्के. एखादे राज्य वर्षाला १०० कोटी डॉलरांची तिकिटे वाटते असे समजा. प्रमाण ५.९९ निघाले तर बोजा शून्य. ६.०० निघाले तर ५ कोटी डॉलर. मधल्या एका शतांश टक्क्याची किंमत पाच कोटी! आणि हा आकडा सर्व कुटुंबांच्या तपासणीतून आलेला नसून नमुन्यावरून काढलेला असतो. शितावरून भाताची परीक्षा करताना एखादे शीत कच्चे निघाले तर आपण दुसरे दाबून पाहतो. येथे त्या एका शितावर सबंध पंगतीचा खर्च ठरतो.

पूर्वी दंड नव्हता काय? होता, व तो असावा हेही आम्हांस मान्य आहे. ज्या राज्याचे प्रमाण लागोपाठ दोन वर्षे राष्ट्रीय सरासरीच्या १०५ टक्क्यांहून निश्चितपणे अधिक असे, त्याला ६ टक्क्यांवरील चुकीच्या एक दशांशाइतकी रक्कम लागू होई. आमच्या कल्पित राज्यात प्रमाण १० टक्के असते तर वरचे चार टक्के म्हणजे ४ कोटी, व त्याचा एक दशांश म्हणजे ४० लक्ष. नव्या कोष्टकाने तेच राज्य १५ कोटी देईल. चाळीस लक्षांच्या जागी पंधरा कोटी, म्हणजे साडेसदतीसपट. आणि ते एकदा नव्हे, प्रमाण खाली येईपर्यंत दरसाल. २०२४ च्या आकड्यांप्रमाणे पन्नासांपैकी फक्त आठ राज्ये सहा टक्क्यांच्या आत होती. साउथ डकोटाचे प्रमाण ३.२८, तर अलास्काचे २४.६६.

अलास्काचे नाव निघाले म्हणून सांगतो. सिनेटमध्ये मते जुळविताना ह्या कायद्यात अशी एक सवलत घालण्यात आली की, ज्यांचे प्रमाण फारच वर, म्हणजे सुमारे साडेतेरा टक्क्यांच्या पलीकडे असेल, त्या राज्यांना बोजा एक-दोन वर्षे उशिरा लागू व्हावा. परिणामी बारा टक्के चुका करणारा आधी भरणार व वीस टक्के चुका करणारा नंतर. वर्गात नापास होणाऱ्याची फी माफ करावी, तसे हे झाले. एवढे करूनही ते विधेयक सिनेटात ५० विरुद्ध ५० अशा बरोबरीनंतर उपाध्यक्षांच्या एका मताने पार पडले. प्रतिनिधिगृहाचा मूळ मसुदा ह्याहून कडक होता हेही नमूद केले पाहिजे; त्यात निर्दोष राज्यालाही ५ टक्के द्यावे लागले असते, आणि वरची मर्यादा २५ टक्क्यांची होती.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. कायद्याचे समर्थक म्हणतात की, परक्याच्या पैशाने पंगत वाढणारा हात आखडीत नाही. राज्याच्या खिशाला झळ लागल्याखेरीज राज्य काळजी घेणार नाही. शंभर अब्जांवर दहा टक्के चूक म्हणजे दहा अब्ज डॉलर. ही काही दुर्लक्षण्याजोगी रक्कम नव्हे. ह्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या न्यासाच्या कोठारातून शिधा वाटताना आम्हीही यादी दोनदा तपासतो. परंतु झळ लावावयाची तर ती चूक करणाऱ्याला लागली पाहिजे, आणि चूक सुधारण्याचे साधन त्याच्या हाती राहिले पाहिजे. येथे नेमके उलट आहे. चुका कमी करावयाच्या म्हणजे कारकून वाढविले पाहिजेत, त्यांना शिकविले पाहिजे, जुनी गणकयंत्रे बदलली पाहिजेत. आणि ज्या खर्चातून हे व्हावयाचे त्याचाच मध्यवर्ती वाटा एक वर्ष आधी निम्म्यावर आणला आहे. शिवाय २०२९ पासून पुढे प्रत्येक वर्षीचा बोजा तीन वर्षांपूर्वीच्या चुकीवर ठरावयाचा आहे. म्हणजे आज घोटाळा निस्तरला तरी त्याचे बिल मागाहून येत राहणार, कदाचित ऐन मंदीच्या वर्षी.

आणि चुका कमी करण्याचा एक स्वस्त मार्ग आहे, तोच आम्हांस सर्वांत अधिक भयावह वाटतो. अर्जदारच कमी करावे. ज्याचे उत्पन्न दर आठवड्यास बदलते, त्याच्या हिशेबात चूक होण्याचा संभव अधिक. म्हणून त्याला वारंवार बोलवावे, दर तीन महिन्यांनी नवे कागद मागावे, की तोच कंटाळून यावयाचा बंद होतो. ही आमची कल्पना नव्हे. १९९० च्या दशकात दंडाच्या भीतीने कित्येक राज्यांनी हेच केले. फेरतपासणीची मुदत तीन महिन्यांवर आणली, आणि ज्यांना प्रत्येक खेपेला कामावर खाडा करून कचेरीत यावे लागे ती कष्टकरी कुटुंबेच गळाली. १९९४ साली २ कोटी ७५ लक्ष लाभार्थी होते, ते २००० साली १ कोटी ७२ लक्षांवर आले. ह्या घटीत चांगल्या रोजगाराचा वाटा होता, १९९६ च्या कडक कायद्याचाही होता. पण कचेरीच्या उंबरठ्याचाही होता. तो वाटा ओळखूनच २००२ साली काँग्रेसने दंडाचे नियम सौम्य केले आणि अर्जाची रीत सोपी करण्यास राज्यांना मुभा दिली. ते शहाणपण तेवीस वर्षांत विसरले गेले.

काँग्रेसच्या अंदाजपत्रक कार्यालयाने स्वतःच असा अंदाज दिला आहे की, काही राज्ये ह्या बोज्यापुढे मदत कमी करतील वा बंद करतील, व त्यामुळे एखाद्या सरासरी महिन्यात सुमारे तीन लक्ष माणसांची मदत घटेल वा जाईल. कायद्याप्रमाणे ही योजना चालविणे राज्यांवर सक्तीचे नाही. ज्या राज्याला वाटा झेपणार नाही ते योजनेतून सर्वस्वी बाहेर पडू शकते, अशी ही पन्नास वर्षांत कोणी गांभीर्याने न बोललेली गोष्ट आता बोलली जात आहे.

ठरीव रकमेवर विसंबले म्हणजे काय होते, ह्यासाठी पोर्टो रिकोचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. कॅरिबियन समुद्रातील हे अमेरिकेच्या ताब्यातील बेट १९८२ पर्यंत अन्नतिकीट योजनेतच होते. मग काँग्रेसने त्यास योजनेतून काढून वर्षाला एक ठरावीक रक्कम देऊ केली. तीत भागवा म्हणून सांगितले. सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया नावाच्या वादळाने बेट उद्ध्वस्त झाले. टेक्सास वा फ्लॉरिडात वादळ आले तर तिकिटे आपोआप वाढतात. येथे काँग्रेसने स्वतंत्र पैसा मंजूर करीपर्यंत थांबावे लागले. तो जादा पैसा संपताच मार्च २०१९ मध्ये लक्षावधी लोकांची मदत एकदम कापली गेली, आणि पुढचा पैसा मंजूर व्हावयास जून उजाडला. त्या तीन महिन्यांत बेटावरल्या घरांत चूल कशी पेटली असेल ह्याचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.

आपल्या देशातही हा धडा एकदा गिरवून झाला आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी मध्यवर्ती सरकारने प्राथमिक शाळांतील माध्यान्ह भोजनाची देशव्यापी योजना जाहीर केली. धान्य केंद्राचे, शिजविण्याचा खर्च राज्यांनी पाहावयाचा. तामिळनाडूसारख्या ज्या राज्यांत आधीपासून शाळेत चूल पेटत होती तेथे अडचण आली नाही. इतरत्र बहुतेक राज्यांनी सरपण, स्वयंपाकी, डाळ, तेल ह्यांचा पैसा नाही म्हणून मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो कोरडे धान्य ठेवले, की झाले भोजन. सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजविलेलेच अन्न द्या असा आदेश दिला, आणि २००४ मध्ये केंद्राने शिजविण्याच्या खर्चासाठीही पैसा देण्यास आरंभ केला, तेव्हा ताट खऱ्या अर्थाने मुलापुढे आले. मधली वर्षे ज्या मुलांची गेली, त्यांची शाळा काही पुन्हा भरली नाही.

मग राखावयाचे कसे? अमेरिकेतील जाणत्यांच्या सूचनांत आम्हांस तीन विचारार्ह वाटतात. खरा उपाय काँग्रेसच्याच हाती आहे. तिने हा वाटा रद्द करावा, अथवा निदान राज्यांची यंत्रणा सुधारेपर्यंत पुढे ढकलावा. ते न झाल्यास कोष्टकाच्या पायऱ्या काढून उतार करावा, म्हणजे शतांश टक्क्यासाठी कोट्यवधी जाणार नाहीत, व नमुन्याच्या अंदाजातील अनिश्चितता हिशेबात धरावी. राज्यांच्या हाती जे आहे ते एवढेच की, कचेरीत माणसे भरावी, आणि कुटुंबाने थोड्याशा बदलासाठी वारंवार धावत यावे असे नियम असतील तर ते काढावे. साधी रीत ठेवली की चुकाही कमी होतात. हे दुकानदारास जसे ठाऊक असते तसे ते आमच्या कोठीवाल्यासही ठाऊक आहे.

राहता राहिला दानसंस्थांचा प्रश्न. सरकारने हात आखडला तर धर्मादाय संस्था आहेतच, असे म्हणणारे तिकडे आहेत व इकडेही आहेत. ह्या बाबतीत आम्ही अनुभवाने बोलतो. तेथील अन्नपेढ्यांचा सर्वांत मोठा संघ स्वतःच सांगतो की, त्याच्या जाळ्यातून एक जेवण जाते तेव्हा अन्नतिकिटांतून नऊ जातात. नवातले एक जरी कमी झाले, तरी त्या संघाला आपले काम दुप्पट करावे लागेल. आपल्या न्यासाच्या पन्नास वर्षांत एका सालात काम दुप्पट झाल्याचा प्रसंग एकदाही आला नाही, आणि आला असता तर आम्हांस तो झेपला नसता हे विश्वस्त मंडळातील कोणीही कबूल करील.

बहुतेक अमेरिकन राज्यांचे अर्थवर्ष १ जुलैस सुरू होते व मध्यवर्ती सरकारचे १ ऑक्टोबरास. तेव्हा १ जुलै २०२७ ला सुरू होणाऱ्या राज्य-अंदाजपत्रकात तिकिटांच्या वाट्याचा नऊ महिन्यांचा खर्च प्रथमच धरावा लागेल. त्या पहिल्या वर्षासाठी २०२५ किंवा २०२६ ह्यांपैकी कोणत्या वर्षीचे चुकीचे प्रमाण लावावयाचे, एवढी निवड मात्र कायद्याने राज्यावर सोडली आहे.